धावण्याआधी थांबण्याचं बघा

आमचं सिरसाळा परळी तालुक्यात, परळीहून बीडला जाणाऱ्या रस्त्यावर. या रस्त्याच्या कडेला घटकाभर उभं राहिलं, की महाराष्ट्रातल्या निम्म्या आरटीओंच्या पाट्या वाचून होतात. एमएच-१२ म्हणजे पुणे, एमएच-१४ म्हणजे पिंपरी-चिंचवड, एमएच-०४ म्हणजे ठाणे. आत बसलेली माणसं मात्र एमएच-२३ आणि एमएच-४४ ची, म्हणजे बीड-अंबाजोगाईकडची. याचा अर्थ सरळ आहे. शहरात दहा-बारा वर्षं चाकरी करून थकलेली गाडी आमच्याकडे येते आणि इथं तिचा दुसरा संसार सुरू होतो. या संसारात तिला शहरात पडली नसतील एवढी कामं पडतात. अडलेल्या बाळंतिणीला रात्री-बेरात्री अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं असतं, लग्नाचं वऱ्हाड न्यायचं असतं, पोरांना परीक्षेला सोडायचं असतं, पाहुण्यांना परळीला वैद्यनाथाचं दर्शन घडवायचं असतं. पाचजणांच्या जागेत आठजण बसतात आणि वरून कोणीतरी म्हणतंच, 'अजून एकाला सरका की जरा.'

अशी जुनी गाडी घेताना माणूस काय काय बघतो? इंजिनाचा आवाज बघतो, धूर काळा की पांढरा ते बघतो, पत्रा कुठं ठोकलाय ते बोटानं वाजवून बघतो, टायरची नक्षी बघतो. ॲव्हरेज तर विचारतोच. ब्रेकची चौकशी सगळ्यात शेवटी, तीही एका वाक्यात: 'ब्रेक लागतो ना? मग झालं.' पण इंजिन बिघडलं तर गाडी जागेवर उभी राहते, फार तर ढकलावी लागते. ब्रेक बिघडला तर ती उभी राहत नाही, आणि खरी भीती तीच आहे.

म्हणून आज जुन्या गाडीच्या ब्रेकविषयी थोडं सविस्तर बोलायचं आहे. ब्रेक पॅड म्हणजे काय, डिस्क म्हणजे काय, ती कधी बदलायची, कशी बदलतात आणि बदलताना कशाची काळजी घ्यायची. मी कवितेचा माणूस, शिक्षण बी. ए. पर्यंतचं. पण गाडी जुनी असली की मालकाला थोडंफार मिस्त्री व्हावंच लागतं. निदान मिस्त्री काय करतो आहे ते कळण्यापुरतं तरी.

वेगाची उष्णता होते

ब्रेक गाडीला थांबवतो म्हणजे नेमकं काय करतो? धावत्या गाडीत वेगाची ऊर्जा साठलेली असते. ती नाहीशी करता येत नाही, फक्त तिचं रूप बदलता येतं. ब्रेक घर्षणानं तिची उष्णता करतो आणि ती हवेत सोडून देतो. बाकी सगळी यंत्रणा त्यासाठीच असते.

ही उष्णता किती असते, याचा हिशेब करून पाहू. जुनी मारुती ८०० आणि तिच्यातली चार माणसं मिळून वजन साधारण ९०० किलो धरू. ताशी ४० किलोमीटर वेगातून ही गाडी थांबवली, तर जेवढी उष्णता तयार होते तेवढ्यात एक लिटर पाणी सुमारे १३ अंशांनी तापेल. वेग दुप्पट म्हणजे ८० केला, तर तेच एक लिटर पाणी १३ दुणे २६ नव्हे, सुमारे ५३ अंशांनी तापेल. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. शाळेत शिकलेलं हे सूत्र परीक्षेनंतर आपण विसरतो. रस्ता मात्र ते कधी विसरत नाही.

थांबायला लागणाऱ्या अंतराचंही असंच आहे. समोर म्हैस आडवी आली हे डोळ्याला दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. ताशी ६० च्या वेगानं तेवढ्यात गाडी जवळजवळ १७ मीटर पुढं गेलेली असते, आणि अजून ब्रेक लागलेलाच नसतो. त्यानंतर चांगले ब्रेक, चांगले टायर आणि कोरडा डांबरी रस्ता असेल तर आणखी वीसेक मीटर लागतात. ब्रेक कमजोर असले तर हे वीस मीटर तीस होतात, चाळीस होतात. म्हैस बिचारी तिथंच उभी असते.

घाटात तर ब्रेकची सत्त्वपरीक्षाच. बीडहून सोलापूरकडं जाताना मांजरसुंब्याचा घाट लागतो, परळी-अंबाजोगाई रस्त्यावरही घाट आहे. वर सांगितलेली गाडी नुसती १०० मीटर उंची उतरली आणि सगळा भार ब्रेकवरच टाकला, तर त्या उष्णतेत माठातलं पावणेतीन लिटर पाणी उकळायला लागेल. चुलीवर ठेवलेलं पातेलं आणि उताराला लागलेली गाडी यांत फरक एवढाच, की पातेल्याखालचा जाळ आपल्याला दिसतो.

बैलगाडीपासून मारुतीपर्यंत

आमच्या पिढीनं ब्रेक पहिल्यांदा पाहिला तो बैलगाडीचा. उताराच्या भागातल्या गाड्यांना मागच्या अंगाला आडवा लाकडी ठोकळा बांधलेला असे. दोर ओढला की ठोकळा चाकाच्या लोखंडी धावेवर दाबला जाई. करकर आवाज येई, जळक्या लाकडाचा वास येई आणि बैलांच्या मानेवरचा भार हलका होई.

आजच्या ब्रेक पॅडची गोष्टही गाडीवानापासूनच सुरू होते. इंग्लंडात डर्बीशर हा डोंगराळ भाग. तिथले गाडीवान उतारावर लाकडी ठोकळ्याला जुन्या बुटाचं चामडं लावायचे, म्हणजे पकड चांगली येते. हर्बर्ट फ्रूड नावाच्या माणसानं हे पाहिलं आणि याहून टिकाऊ काही करता येईल का, याचे प्रयोग १८९७ च्या सुमारास सुरू केले. त्यातून ब्रेक लायनिंगचा धंदा उभा राहिला. आपल्या नावाच्या अक्षरांत पत्नी एलिझाबेथचं आद्याक्षर मिसळून त्यानं नाव तयार केलं: फेरोडो. पुढं मुंबईत घाटकोपरला हिंदुस्थान फेरोडो नावाचा कारखाना आला आणि या नावाचे लायनर आपल्याकडच्या गॅरेजांत ओळखीचे झाले. तुटक्या बुटाच्या चामड्यापासून निघालेला रस्ता असा आपल्यापर्यंत आला.

ब्रेकचे मुख्य प्रकार दोन, ड्रम आणि डिस्क. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारा लोखंडी डबा. त्याच्या आत दोन अर्धगोल शू असतात. ब्रेक दाबला की ते फाकतात आणि ड्रमच्या आतल्या कडेला घासतात. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी बिडाची थाळी. पुस्तकात तिला रोटर म्हणतात, गॅरेजात सगळे डिस्कच म्हणतात. तिच्या दोन्ही बाजूंना दोन पॅड असतात आणि ते कॅलिपर नावाच्या पकडीत बसवलेले असतात. ब्रेक दाबला की कॅलिपर चिमट्यासारखा थाळीला दोन्हीकडून धरतो. डिस्क उघड्यावर असते, त्यामुळं लवकर थंड होते. ड्रमची उष्णता आतल्या आत कोंडते.

डिस्क ब्रेकचं पेटंट इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टरनं १९०२ सालीच घेतलं होतं. पण तो सर्वमान्य व्हायला पन्नास वर्षं लागली. १९५३ साली फ्रान्समधली ल माँची चोवीस तासांची शर्यत डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वार गाडीनं जिंकली, तेव्हा जगाचे डोळे उघडले. आपल्याकडच्या ॲम्बेसिडर आणि प्रीमियर पद्मिनी या गाड्या बराच काळ चारी चाकांना ड्रमवरच धावल्या. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली पद्मिनी मुंबईची टॅक्सी म्हणून ऑक्टोबर २०२३ पर्यंत टिकली. मारुती ८०० ची पहिली गाडी १४ डिसेंबर १९८३ ला दिल्लीत मालकाच्या हाती दिली गेली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. त्या तीस वर्षांत पंचवीस लाखांहून जास्त गाड्या देशात विकल्या गेल्या. मध्यमवर्गाच्या दारात पुढं डिस्क, मागं ड्रम ही जोडी रुळवण्यात या गाडीचा मोठा वाटा. आजही खेड्यापाड्यांत धावणाऱ्या बहुतेक जुन्या छोट्या गाड्यांची रचना हीच असते.

पुढं डिस्क का? ब्रेक दाबला की गाडीचं नाक खाली झुकतं, सगळा भार पुढच्या चाकांवर येतो. थांबवण्याचं निम्म्याहून बरंच जास्त काम पुढचेच ब्रेक करतात. म्हणून झीजही तिथंच आधी होते.

गाडी काय सांगते ते ऐका

ब्रेक सहसा न सांगता दगा देत नाही. तो आधी बोलतो. त्याची भाषा मात्र समजली पाहिजे.

ब्रेक दाबल्यावर बारीक शिट्टीसारखा किंवा चिरका आवाज येत असेल, तर पॅड संपत आले असण्याचा संभव असतो. बऱ्याच पॅडना एक छोटी पत्र्याची जीभ मुद्दाम बसवलेली असते. पॅड झिजला की ती डिस्कला टेकते आणि ओरडते. ते ओरडणं म्हणजे उधारीची पहिली चिठ्ठी. तेव्हा ऐकलं नाही तर पुढं खर्रर्र असा दळल्यासारखा आवाज येतो. म्हणजे पॅडचा मसाला संपला आणि मागची लोखंडी पट्टी थेट डिस्कवर घासते आहे. आता पॅडबरोबर डिस्कही गेली.

ब्रेक दाबताना पायाखाली पेडल थडथडत असेल, स्टिअरिंग हलत असेल, तर डिस्क सारख्या जाडीची राहिलेली नाही. एबीएस असलेल्या गाडीत एकदम जोरात ब्रेक मारल्यावर जो कंप येतो तो वेगळा, तो त्या यंत्रणेचा गुण आहे. नव्या मोटारींना एबीएस एप्रिल २०१९ पासून सरसकट सक्तीचं झालं; त्याआधीच्या बहुतेक साध्या गाड्यांत ते नसतं.

गाडी ब्रेक लावताना एका बाजूला ओढत असेल, तर एका चाकाचा कॅलिपर अडकला असेल किंवा एका पॅडवर तेल-ग्रीस आलं असेल. पेडल स्पंजासारखं मऊ लागत असेल आणि दोन-तीनदा पंप केल्यावरच ब्रेक लागत असेल, तर पाइपात हवा शिरली आहे किंवा कुठंतरी गळती आहे. अशी गाडी मिस्त्रीला दाखवल्याशिवाय रस्त्यावर काढू नये. आणि डबीतलं ब्रेक ऑइल हळूहळू खाली जात असेल, तर नुसती भर घालून मोकळं होऊ नका. पॅड झिजले की पातळी थोडी उतरतेच, पण गळतीनंही उतरते. दोन्हीपैकी काय ते बघावंच लागतं.

नव्या पॅडवर साधारण १० मिलिमीटर मसाला असतो. तो ३ मिलिमीटरवर आला की पॅड बदलायचा, असा सर्वसाधारण नियम. डिस्कचं माप वेगळं. प्रत्येक डिस्कची कमीत कमी किती जाडी चालेल हे ठरलेलं असतं आणि पुष्कळदा तो आकडा डिस्कच्या कडेवरच उठवलेला असतो. मिस्त्रीकडं मापाचं साधन असेल तर जाडी मोजून घ्यावी. डिस्कवर खोल चऱ्या, तडे किंवा काठाला मोठी कड उठली असेल, तर ती बदललेली बरी. आमच्याकडं डिस्क लेथवर नेऊन तासून आणायची पद्धत आहे. तासून झाल्यावरही जाडी त्या आकड्याच्या वर राहत असेल, तर त्यात चूक काही नाही. पण पातळ झालेली डिस्क लवकर तापते आणि तडकते. छोट्या गाडीचे पॅड आणि दोन डिस्क यांचा खर्च साधारणपणे दोन नव्या टायरांपेक्षा कमीच येतो. मग तासण्यात काय वाचवायचं, याचा विचार ज्यानं त्यानं करावा.

काम कसं होतं

आता काम कसं चालतं ते बघू. हाताला पान्ह्याची सवय असेल, तर पुढच्या चाकांचं हे काम घरच्या अंगणात होऊ शकतं. सवय नसेल तर मिस्त्रीजवळ उभं राहून बघावं. दोन्हींत फायदाच आहे.

जागा सपाट आणि कडक हवी. हँडब्रेक ओढायचा, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकायची, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावायचे. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करायचे, मग जॅक लावायचा. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नसतो. गाडी उचलली की तिच्या ठरलेल्या जागेखाली लोखंडी स्टँड लावायचा. विटांची चवड किंवा दगड चालत नाही. वीट भार आला की न सांगता फुटते. हे सांगताना मी मुद्दाम आवाज चढवतो आहे असं समजा.

चाक काढलं की कॅलिपर दिसतो. तो मागच्या बाजूनं दोन बोल्टांवर असतो. बोल्ट काढून कॅलिपर उचलायचा आणि तारेनं वर स्प्रिंगला बांधून ठेवायचा. त्याला येणाऱ्या रबरी पाइपावर लोंबकळत सोडायचा नाही. पाइप वरून धड दिसतो आणि आतून फाटलेला असतो. मग जुने पॅड काढायचे. ते कुठल्या बाजूनं कसे बसले होते, क्लिपा कुठं होत्या, हे नीट बघून ठेवायचं. एका वेळी एकच बाजू उघडायची, म्हणजे विसर पडला तर दुसरी बाजू बघता येते.

डिस्क काढायची तर आधी कॅलिपरची चौकट उतरवावी लागते. त्यानंतर काही गाड्यांत डिस्क सरळ पुढं ओढून निघते. गंजून चिकटली असेल तर तिच्यावर आटे पाडलेली दोन भोकं असतात. त्यांत बोल्ट सारखे सारखे आवळत गेलं की डिस्क आपोआप सुटते. काही जुन्या गाड्यांत मात्र डिस्क हबच्या मागून बोल्टनं बांधलेली असते. तिथं हबच काढावा लागतो, बेअरिंगशी गाठ पडते. ते काम अंगणात करू नये.

नवी डिस्क बसवण्याआधी हबचा तोंडवळा तारेच्या ब्रशनं घासून गंज काढायचा. गंजाचा एक पापुद्रा राहिला तरी डिस्क किंचित तिरकी बसते आणि काही दिवसांनी पेडल थडथडायला लागतं. नव्या डिस्कवर गंज येऊ नये म्हणून तेल लावलेलं असतं. ते ब्रेक क्लीनरनं किंवा साबणाच्या कोमट पाण्यानं पुरतं काढून डिस्क कोरडी करायची. नव्या पॅडच्या मसाल्याला तेलकट बोट लावायचं नाही.

नवे पॅड जाड असतात, म्हणून कॅलिपरचा पिस्टन मागं ढकलावा लागतो. त्यासाठी क्लँप वापरायचा, मध्ये जुना पॅड ठेवायचा आणि हळूहळू दाबायचं. त्या वेळी वरच्या डबीत ऑइल चढतं. ते बाहेर सांडू द्यायचं नाही, कारण ब्रेक ऑइल गाडीचा रंग खातं. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्या साफ करून त्यांना ब्रेकसाठीचंच खास ग्रीस लावायचं. साधं ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावलं तर रबर फुगतं आणि पिन अडकते. एकच पॅड झिजला आणि दुसरा तसाच राहिला, असं दिसलं की अशीच अडकलेली पिन कारण असते.

पॅड आणि डिस्क नेहमी जोडीनं बदलायच्या, डावी आणि उजवी दोन्ही. बैलजोडीत एक तरणा आणि एक थकलेला असला की गाडी कुठं ओढते, ते शेतकऱ्याला सांगायला नको.

सगळं परत बांधून चाकाचे नट एकाआड एक असे समोरासमोर आवळायचे. आणि आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. गाडी जागची हलवण्यापूर्वी ब्रेकचं पेडल पुन्हा पुन्हा दाबायचं, कडक लागेपर्यंत. पिस्टन मागं ढकललेला असतो, त्यामुळं पहिल्या दाबाला पेडल थेट तळाला जातं. हे न करता गाडी सुरू करणाऱ्याला पहिल्याच वळणावर ब्रेक सापडत नाही. त्यानंतर ऑइलची पातळी बघायची.

नव्या पॅड-डिस्कची एकमेकांशी ओळखही व्हावी लागते. मोकळ्या रस्त्यावर ताशी ५०-६० चा वेग घेऊन मध्यम दाबानं वीसपर्यंत उतरवायचा, असं आठ-दहा वेळा करायचं आणि मध्ये डिस्कला वारा लागू द्यायचा. तापलेल्या डिस्कवर ब्रेक दाबून उभं राहायचं नाही. पहिले शे-दोनशे किलोमीटर घाईचे ब्रेक टाळता आले तर टाळावेत. मागच्या ड्रमही याच वेळी उघडून शू आणि गळती बघून घ्यावी.

ऑइल आणि धूळ

दोन गोष्टींकडं गॅरेजात फारसं कोणी बघत नाही. पहिली म्हणजे ब्रेक ऑइल. हे ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. नवं डॉट-३ ऑइल २०५ अंशांच्या आत उकळता कामा नये, असं मानक आहे; ओल शोषलेल्या ऑइलसाठी तोच आकडा १४० वर येतो. घाटात ऑइल उकळलं की पाइपात वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दबते, ऑइल दबत नाही. पाय तळाला जातो आणि गाडी पुढं जात राहते. म्हणून साधारण दोन वर्षांनी ऑइल बदलायचं, आणि सील न फोडलेल्या डब्यातलंच भरायचं.

दुसरी गोष्ट धुळीची. चाक उघडलं की आत काळी भुकटी दिसते. गॅरेजातलं पोरगं ती तोंडानं फुंकतं, नाहीतर हवेच्या पाइपानं उडवतं. जुन्या काळी ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, कारण ते जळत नाही. पण त्याचे डोळ्यांना न दिसणारे तंतू श्वासाबरोबर फुप्फुसात जाऊन बसतात आणि वीस-तीस वर्षांनी दम्यासारखी धाप लावतात, कर्करोगही करतात. सर्वोच्च न्यायालयानं २७ जानेवारी १९९५ च्या निकालात ॲस्बेस्टॉस उद्योगातल्या कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी कामाला लागल्यापासून निदान ४० वर्षं ठेवायला सांगितलं, ते याच कारणानं. हा आजार इतका उशिरा उगवतो. आता नामांकित पॅड ॲस्बेस्टॉसशिवाय बनतात. पण आपल्याकडं ॲस्बेस्टॉसवर सरसकट बंदी आलेली नाही, आणि खोक्याशिवाय मिळणाऱ्या स्वस्त मालात काय आहे ते बघून कळत नाही.

कारखान्यातल्या कामगाराची नोंद तरी कुठं होईल. रस्त्याकडेच्या गॅरेजातल्या पोराची नोंद कोण ठेवणार? कायद्यानं २०१६ पासून चौदा वर्षांखालच्या मुलाला कुठल्याच धंद्यात कामाला ठेवता येत नाही, घरचा धंदा असेल तर शाळेनंतर थोडा हातभार लावण्यापुरती सूट आहे. पण सतरा-अठराच्या पोराची फुप्फुसंही लोखंडाची नसतात. उपाय बिनखर्चाचा आहे. धूळ फुंकू नका, ओल्या फडक्यानं पुसा किंवा पाण्यानं भिजवा. ते फडकं घरी नेऊ नका. तोंडाला रुमाल बांधला म्हणजे झालं असं नाही, बारीक तंतू रुमालातून जातात. आपली गाडी गॅरेजात असेल तर एवढं आपणही सांगू शकतो. 'पोरा, पाणी मार आधी,' एवढं म्हणायला पैसे पडत नाहीत.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी

चांगले ब्रेक असले म्हणून वाटेल तसं हाकायला परवाना मिळत नाही. घाट ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरावा, म्हणजे निम्मा भार इंजिन उचलतं. पेट्रोल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करणं म्हणजे चार आण्यांसाठी रुपयाची पुरचुंडी फेकणं. मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेच्या बोरघाटात ट्रकचे ब्रेक निकामी झाल्याच्या बातम्या आपण वाचतो. त्यांतल्या कित्येक ठिकाणी ब्रेक मुळात तुटलेला नसतो, तापून तापून थकलेला असतो.

पंधरा वर्षांनी मोटारीची नोंदणी संपते आणि तपासणी होऊन पाच-पाच वर्षांसाठी नवी करून मिळते. पण तपासणीच्या दिवशी ब्रेक चांगला असणं आणि मधल्या पाच वर्षांत तो रोज चांगला असणं, या वेगळ्या गोष्टी आहेत. ते पाहणारा अधिकारी म्हणजे गाडीचा मालक.

दसरा झाला की आमच्या जिल्ह्यातल्या ऊसतोडीच्या टोळ्या गाव सोडतात. कारखान्यांची धुराडी पेटतात आणि उसानं भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्री रस्त्यावर असतात, पुष्कळदा मागं दिव्याशिवाय. अंधारात एकदम समोर उसाची भिंत उभी राहते. त्या ट्रॉलीवर कधी कधी बायका-पोरंही बसलेली असतात. तेव्हा मागून येणाऱ्या जुन्या गाडीच्या पॅडवर तीन मिलिमीटर मसाला आहे की नाही, यावर आतल्यांचा आणि बाहेरच्यांचाही जीव अवलंबून असतो.

दसऱ्याला आपल्याकडं गाडी धुतात, झेंडूचा हार घालतात, चाकाखाली लिंबू ठेवतात. सगळ्या गावाबरोबर मीही गाडी धुतो. माझं म्हणणं एवढंच, की आदल्या दिवशी पुढची दोन चाकं काढून पॅड बघावेत, डिस्कवरून बोट फिरवावं, ऑइलच्या डबीचं झाकण पुसून पातळी बघावी. अर्ध्या दिवसाचं काम आहे. मग दुसऱ्या दिवशी हार खुशाल घाला.